सील फोडलं की हक्क संपला का? (न जुळलेल्या एसएसडीचं प्रकरण)

नानलपेठ_सर (परभणी)

मंडळी, मत हवंय. कायद्याचं असेल तर उत्तम, अनुभवाचं असेल तर त्याहून उत्तम.

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर शाळेची कामं करतो. इतका मंद झालाय की निकालपत्रकाची फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. पोरगा म्हणाला, हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण असते, एसएसडी, ती टाका. इथल्याच एका दुकानदाराला लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि विचारलं, "यात बसेल अशी ५१२ जीबीची एसएसडी आहे का?" उत्तर आलं, "हो सर, एम डॉट टू बसते. या घेऊन जा." एम डॉट टू म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या खाचेत बसणारी चपटी पट्टी. गेलो, घेतली. ४,००० च्या थोडं वर, जीएसटीचं पक्कं बिल.

घरी पोरानं पाठ उघडली. पट्टी खाचेत बसली, स्क्रूही लागला. पण बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही दिसेना. पोराच्या एका जाणत्या मित्रानं बघून सांगितलं की माझ्या लॅपटॉपची खाच दिसायला तीच असली तरी तिला फक्त साटावाली एम डॉट टू चालते, आणि मला मिळालीय एनव्हीएमई; या जोडणीच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. म्हणजे वस्तू कोरी, चांगली, बिघाड काही नाही. माझ्या लॅपटॉपला ती ओळखूच येत नाही, एवढंच.

परत नेली तर दुकानदार म्हणतो, "सर, सील तुटलं. हा आता सेकंडहँड माल झाला. खराब निघाली असती तर कंपनीकडं पाठवली असती, ही तर चांगली आहे." बिलाखाली छापलेलं आहेच: एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही.

भांडलो नाही. ओळखीचं दुकान, त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे. पण सील न फोडता ती चालते की नाही हे बघायचं कसं? आणि वस्तूत खोट नसेल तर कायदा मला विचारतो का?

तूर_डाळ

नारळ हलवून बघतात तशी कानाशी हलवायची, सर. आतून पाणी वाजलं तर एनव्हीएमई.

पैठणगेट_रिपेअर (संभाजीनगर)

@तूर_डाळ, हसवलंस. पण हलवायची गरज नाही, पट्टीच्या सोनेरी दातांकडं बघितलं तरी बरंच कळतं. दातांमध्ये एकच फट असेल तर बहुतेक वेळा एनव्हीएमई, दोन फटी असतील तर बहुतेक साटा. 'बहुतेक' म्हणतोय कारण काही एनव्हीएमईलाही दोन फटी असतात. खरा घोळ लॅपटॉपच्या बाजूला आहे. एकाच आकाराच्या खाचेला कुठल्या मॉडेलमध्ये साटाची तार जोडलेली असते, कुठं पीसीआयची (एनव्हीएमईला लागते ती), कुठं दोन्ही. बाहेरून बघून देवालाही कळणार नाही. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघावं लागतं, आणि ते काम विकणाऱ्याचं. सरांनी स्टिकरचा फोटो दिला होता म्हणजे त्यांच्या बाजूनं काही राहिलं नव्हतं.

सर, लॅपटॉपमध्ये अडीच इंची हार्डडिस्कची जागा आहे का? असेल तर साटाची अडीच इंची एसएसडी टाका, वेग साटावाल्या एम डॉट टूएवढाच मिळेल.

नानलपेठ_सर

जागा आहे, पण तिथं जुनी हार्डडिस्क आहे. त्यात पंधरा वर्षांचे शाळेचे फोटो. ती काढायची नाही असा घरातून आदेश आहे.

मोंढा_जालना

माझं स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. शिव्या घाला, पण ऐकून घ्या.

फोडलेलं पाकीट आमचा डिस्ट्रिब्युटर परत घेत नाही. तो फक्त चालू न होणारा माल घेतो, तोही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं लिहून दिलं तर. सर्व्हिस सेंटर कुठं? पूर्वी मुंबई-पुणे, आता कुरिअर करा. नांदेडवाल्यांना निदान हैदराबाद जवळ. म्हणजे सरांनी परत दिलेली एसएसडी माझ्या काउंटरवर पडून राहणार. पुढचं गिऱ्हाईक पाकीट बघून विचारणार, "हे उघडं का?" खरं सांगितलं तर तो पैसे कमी करायला लावणार. खोटं सांगितलं तर मी फसवणारा.

आणि गिऱ्हाइकंही सगळी सरांसारखी नसतात. लग्नाच्या सीझनमध्ये हार्डडिस्क घेऊन जायची, शूटिंग कॉपी करायचं, सोमवारी आणून म्हणायचं 'जुळत नाही'. हे मी सोसलेलं आहे. सीलची अट आम्ही हौस म्हणून लावत नाही.

काळा_कोट_लातूर

सर, दुकानदार एकाच प्रश्नाचं उत्तर देतोय: माल खराब आहे का? तुमचा प्रश्न वेगळा आहे: मी सांगितलेल्या कामाचा माल दिला का? कायद्यात हे दोन्ही प्रश्न आहेत. जरा लांबण लागेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यातली एक. बिलात मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यावा लागतो. दुकानदार म्हणेल, माल सदोष कुठाय? आता त्याच कायद्यातली दोषाची व्याख्या वाचा, कलम २(१०). फक्त जळलेला-तुटलेला माल म्हणजे सदोष, असं तिथं नाही. गुणवत्ता किंवा मानक यांतली उणीव येते; आणि ते मानक कायद्यानं ठरलेलं असेल, करारानं असेल, किंवा व्यापाऱ्यानं कोणत्याही रीतीनं केलेल्या दाव्यानं असेल. 'तुमच्या लॅपटॉपला बसते' हा दावा व्हॉट्सॲपवर लेखी आहे. दावा एक आणि माल दुसरा, तर ती उणीव धरावी असा युक्तिवाद इथं करता येतो.

दुसरा आधार याहून जुना आणि माझ्या मते जास्त पक्का: माल विक्री कायदा, १९३०, कलम १६. वस्तू कशासाठी हवी हे गिऱ्हाइकानं विक्रेत्याला सांगितलं, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतली, आणि असा माल विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असण्याची अट न लिहिताही करारात धरली जाते. त्याला एक अपवाद आहे. तुम्ही स्वतः नाव घेऊन 'अमुक कंपनीची अमुक एसएसडी द्या' म्हणालात तर ही अट लागत नाही. म्हणून सर, ते चॅट पुन्हा वाचा. कंपनीचं नाव आधी कुणी काढलं?

सीलबद्दल त्याच कायद्याचं कलम ४१. आधी न बघितलेला माल, तो ठरल्याप्रमाणे आहे की नाही हे तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत, तुम्ही स्वीकारला असं धरत नाहीत. पाकीट फोडल्याशिवाय एसएसडी तपासता येत नाही. फोडणं हीच तपासणी.

नानलपेठ_सर

@काळा_कोट, चॅट बघितलं. मी फक्त '५१२ जीबी' म्हटलंय. कंपनी, प्रकार, एम डॉट टू, सगळं त्यांनीच सांगितलंय.

काळा_कोट_लातूर

मग चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलू नका. स्टिकरच्या फोटोसकट सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

हिंगोलीचा_पाटील

आमच्याकडं बी असंच झालं. मोटारीला मोबाइल स्टार्टर घेतला. थ्री फेज लाइट रातच्याला येती, विहीर गावापासून लांब. बिबट्याच्या भ्यानं कोणी जायला तयार नाही. घरून फोन लावला की मोटार चालू, म्हणून घेतला. डब्यावर लिहिलेलं 'कोणतेही सिम चालते'. वायरमनला बोलवून बसवला, तर माझं सिम घेईना. वायरमन म्हणला, आत टूजीचा मॉड्यूल हाय आणि तुमचं सिम जिओचं, त्याला टूजीच नाही. दुकानवाला म्हणतो दुसऱ्या कंपनीचं सिम टाका. अरे बाबा, विहिरीवर दुसऱ्याची रेंज येती कुठं?

आता वायरी जोडल्या, डबा उघडला, नट आवळले. सील कशाचं राहतंय? पण डब्यावर खोटं लिहिलं ते कोणाचं?

अक्का_आंबाजोगाई

पाटील, तुमची केस सरांपेक्षा सोपी. 'कोणतेही सिम' हे छापील आहे, डबा जपून ठेवा. चुलीत घालू नका म्हणजे झालं.

तूर_डाळ

पाटील, बिबट्याला स्टार्टरचं काम द्या. एकदा बटन दाबायला शिकवलं की रेंजची भानगडच नाही.

सोयाबीन_२०२०

मला इथं शंका आहे. पाटलांनी स्टार्टर शेतीसाठी घेतला, म्हणजे धंद्यासाठी. ग्राहक कायदा 'व्यावसायिक हेतू'ला लागू नाही ना? आमच्या गावात बियाण्याच्या वेळी कंपनीच्या माणसानं हेच ऐकवलं होतं.

काळा_कोट_लातूर

चुकीचं ऐकवलं. माल परत विकायला किंवा व्यावसायिक हेतूनं घेणारा ग्राहक ठरत नाही हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कलम २(७) मध्येच सूट आहे. बियाण्याच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात शेतकऱ्याला ग्राहकच मानलं. त्यामुळं पाटील ग्राहक आहेत.

सोयाबीन_२०२०

धन्यवाद वकीलसाहेब. २०२० ला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या साली आमचा पेरा उगवलाच नाही, दुबार पेरणीचा खर्च अंगावर बसला. विषयांतराबद्दल माफी.

सेवाकेंद्र_मानवत

विषयांतर नाही, धाग्यातच आहे. मी आधारचं काम करतो. बोटाचे ठसे घेण्याचं मशीन घेतलं. दुकानदाराकडं पडून असलेला जुना माल, एल-झिरोवाला (सुरक्षेची जुनी पातळी). आधारच्या पडताळणीला आता त्यावरची एल-वन लागते. मशीन चालू आहे, लाल लाइट लागते, बोट घेते, पण काम होत नाही. दुकानदार लाइट दाखवतो आणि म्हणतो, "चालू तर आहे की!"

किनवट_वारा

"चालू तर आहे की" हे सगळ्या दुकानांचं राष्ट्रगीत करायला हरकत नाही.

शिरूर_ते_श्टुटगार्ट

मूळचा शिरूर अनंतपाळचा, सध्या जर्मनीत. इथं हा प्रश्नच येत नाही. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत. फोडलेली असली तरी परत. आपल्याकडं हे का होत नाही?

मोंढा_जालना

तिकडं गिऱ्हाईक पण जर्मन असतं ना साहेब.

काळा_कोट_लातूर

@शिरूर_ते_श्टुटगार्ट, अर्धं सांगितलंत. युरोपातला १४ दिवसांचा हक्क ऑनलाइन, फोनवरच्या किंवा दारावर येऊन केलेल्या विक्रीला आहे. दुकानात जाऊन हातानं उचललेल्या वस्तूला तिथंही कारणाशिवाय परतीचा हक्क नाही, दुकानदार घेतो तो त्याचा चांगुलपणा. बरोबर ना?

शिरूर_ते_श्टुटगार्ट

बरोबर. दुकानातलं इथं पण दुकानाच्या धोरणावर असतं. आणि दुकानात बघितलं असतं त्यापेक्षा जास्त वापर केला तर पैसे कापूही शकतात. सील फोडलेलं सॉफ्टवेअर किंवा सीडी तर परत घेतच नाहीत. तरी मन बदललं म्हणून परत देता येतं हे मोठं आहे.

काळा_कोट_लातूर

तो फरक खराच. भारतात 'मन बदललं' याला कायदेशीर परती नाही. ऑनलाइनवर जी ७ किंवा १० दिवसांची परती दिसते ती त्या संकेतस्थळाची स्वतःची सवलत आहे. म्हणून जुळत नाही म्हणून परत करताना कारण नीट लिहा. 'नको आहे' लिहिलं की केस गेली. 'वर्णनाप्रमाणे नाही' लिहिलं तर कायदा मागं उभा राहतो. मात्र ते खरं असलं पाहिजे.

अक्का_आंबाजोगाई

यावर माझा अनुभव. लांब आहे, पण ऐकाच.

सुनेचं घरून काम सुरू झालं तेव्हा वायफायचा राउटर ऑनलाइन मागवला. पानावर लिहिलेलं, 'सर्व ब्रॉडबँडसाठी उपयुक्त'. आमच्याकडं फायबर. फायबरवाल्याच्या डब्यातून जी वायर येते ती राउटरच्या मागच्या चौकोनी खाचेत जायला हवी. हा राउटर निघाला जुन्या टेलिफोनच्या तारेचा. त्याला इंटरनेट आत घ्यायला फक्त फोनची बारकी खाच. जाडी वायर हातात धरून सून आणि मी एकमेकींकडं बघत बसलो.

परतीचं बटन दाबलं तर रिफंड नाहीच, फक्त 'रिप्लेसमेंट'. म्हटलं बरं, दुसरा देतील. आला. तोच मॉडेल, तीच बारकी खाच! बिघडलेल्या वस्तूला बदली ठीक आहे हो, पण न जुळणाऱ्या वस्तूच्या बदल्यात तीच न जुळणारी वस्तू देऊन काय मिळवलं? डिलिव्हरीवाल्या पोराला विचारलं, तो म्हणाला, "मावशी, मला फक्त डबा द्यायचा असतो."

मग भाच्यानं मार्ग सांगितला. प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्याचं नाव-ईमेल पानाच्या तळाशी असतं. त्याला पानाचा स्क्रीनशॉट, राउटरच्या पाठीचा फोटो आणि एक वाक्य पाठवलं: 'तुमच्या पानावर सर्व ब्रॉडबँड लिहिलं आहे, वस्तू फायबरला चालत नाही, पैसे परत द्या.' कस्टमर केअरवाली मुलगी रोज 'माफी असावी' म्हणत होती, या साहेबांनी माफी न मागता पैसे दिले.

काळा_कोट_लातूर

अक्कांच्या भाच्याला माझ्याकडं ज्युनिअर म्हणून पाठवा. ई-कॉमर्स नियम, २०२० असंच सांगतात. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. आणि जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला परती किंवा रिफंड नाकारता येत नाही. तिथं सीलची अट लिहिलेली नाही.

वेरूळ_लेणी

सगळं वाचलं. पण ४,००० रुपयांसाठी ग्राहक आयोगात (ग्राहकांच्या तक्रारींच्या न्यायालयात) कोण जाणार? तारीख पे तारीख. वकिलाची फीच १०,००० होईल.

पैठणगेट_रिपेअर

+१. कायदा पुस्तकात छान असतो.

किनवट_वारा

२४ डिसेंबरला तहसीलमध्ये राष्ट्रीय ग्राहक दिन, हारतुरे, भाषणं, फोटो. २५ तारखेला बिलाखाली तीच ओळ.

काळा_कोट_लातूर

@वेरूळ_लेणी, माझ्याच पोटावर पाय देणारी माहिती देतो: वकील लागत नाही. तक्रार स्वतः लिहून स्वतः मांडता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. सरांनी परभणीच्याच जिल्हा आयोगात द्यायची. विक्रेता दिल्लीचा असता तरी चाललं असतं, कारण २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. आता ऑनलाइन, ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरही दाखल होते.

वेळेचं म्हणाल तर कायद्यात ३ महिने लिहिलेत, वस्तू तपासणीला पाठवावी लागली तर ५. प्रत्यक्षात जास्त लागतात, ते मी लपवत नाही. पण बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. त्याआधी दुकानदाराला एक पानी पत्र, स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. पत्रात भाषण नको. काय मागितलं, काय सांगितलं, काय दिलं, काय हवंय आणि किती दिवसांत. कलमं शेवटी एका ओळीत.

वेरूळ_लेणी

बरं, पण बिलाखालच्या ओळीचं काय? सरांनी ते बिल घेतलंय म्हणजे अट मान्य केली ना? माझा भाऊ विधी शाखेला आहे. तो म्हणतो माल विक्री कायद्यातच कलम ६२ आहे, अशा न लिहिलेल्या अटी करारानं काढून टाकता येतात.

काळा_कोट_लातूर

भाऊ अभ्यास करतोय, चांगलं आहे. कलम ६२ आहेच. पण करार दोघांत व्हावा लागतो. सौदा ठरला, पैसे दिले आणि मग हातात पडलेल्या कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली ओळ हा करार झाला, असं मी तरी आयोगापुढं मान्य करणार नाही. शिवाय 'परत नाही, बदलून नाही' या छापील ओळीला ग्राहक आयोगांनी अनेकदा अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. सदोष मालावर तर ती ओळ चालतच नाही.

मोंढा_जालना

वकीलसाहेब, आमचंही ऐका. ती ओळ बिलबुकाचा छापखानावालाच टाकून देतो. निम्म्या दुकानदारांनी ती वाचलेलीच नाही.

तूर_डाळ

म्हणजे गिऱ्हाइकानं वाचली नाही आणि दुकानदारानंही वाचली नाही. करार पूर्ण झाला, दोघंही समान अज्ञानी.

पैठणगेट_रिपेअर

मोंढा_जालना यांचा मुद्दा मला पटतो, पण एसएसडीच्या बाबतीत 'वापरून आणली' ही भीती उगाच आहे. प्रत्येक एसएसडी स्वतःची वही स्वतः ठेवते: किती तास चालू होती, किती वेळा चालू झाली, एकूण किती डेटा लिहिला गेला. फुकट सॉफ्टवेअर आहेत, यूएसबीच्या केसमध्ये पट्टी घालून जोडा, मिनिटात आकडे समोर. सरांच्या लॅपटॉपनं ती ओळखलीच नाही म्हणजे त्यावर एक अक्षरही लिहिलं गेलेलं नसणार. दुकानदाराला म्हणा, तुमच्याच काउंटरवर लावून बघा. कंपनी टेस्टिंगला थोडंफार लिहिते, ते सोडा. पण लग्नाचं शूटिंग कॉपी करून आणलेली आणि कोरी यातला फरक आंधळ्यालाही दिसेल.

मोंढा_जालना

हे मात्र खरं. हार्डडिस्कलाही तास दिसतात. मी ते बघतो आणि आकडा कोरा असेल तर बदलून देतो. पैसे परत नाही, पण बदलून देतो.

वेरूळ_लेणी

आणि जीएसटी? आमचा दुकानदार म्हणतो टॅक्स भरला, आता बिल फिरवता येत नाही.

मोंढा_जालना

ते कारण खोटं. माल परत आला की क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढायची, भरलेला टॅक्स आम्हाला कमी करून मिळतो. विक्रीच्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुभा असते. माझ्याच धंदेबंधूंचं गुपित फोडतोय, सांभाळून घ्या.

हिंगोलीचा_पाटील

माझ्या स्टार्टरला वही हाय का?

पैठणगेट_रिपेअर

पाटील, तुमच्या स्टार्टरला वहीची गरज नाही, डब्यावरची ओळ पुरे. बसवणाऱ्या वायरमनकडून दोन ओळी लिहून घ्या की आत टूजी मॉड्यूल आहे आणि माझं सिम चालत नाही. मॉड्यूलवरच्या नंबरचा फोटोही काढा.

नानलपेठ_सर

अपडेट. पत्र लिहिलं होतं, पण आधी पैठणगेट यांची युक्ती करून बघू म्हटलं. दुपारी गर्दी नसताना दुकानात गेलो. त्यांच्या पोरानं पट्टी केसमध्ये घालून संगणकाला लावली. लिहिलेला डेटा: शून्य जीबी. तास: शून्य. मालकानं चष्मा लावून दोनदा बघितलं. मग मी व्हॉट्सॲप उघडून त्यांचाच मेसेज वाचायला दिला. ते म्हणाले, "सर, हे पोरानं लिहिलं होतं." पोरगा संगणकाच्या मागं गेला.

साटावाली एम डॉट टू त्यांच्याकडं नव्हती, ती आजकाल कमीच येते म्हणतात. मागवून देणार. किंमत थोडी कमी आहे, पण फरक परत देणार नाहीत, 'पाकीट फुटल्याचे' म्हणून ठेवून घेणार. मी हो म्हणालो.

काळा_कोट_लातूर

फरक का सोडला? मेसेज त्यांचा, चूक त्यांची.

नानलपेठ_सर

तत्त्वानं तुमचं बरोबर. पण पाकीट खरंच फुटलंय, आणि पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे.

अक्का_आंबाजोगाई

मीही सोडला असता. वकीलसाहेब, गावात राहायचं असतं.

काळा_कोट_लातूर

तुमचा हक्क, तुम्ही सोडलात. निदान नव्या बिलावर लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून घ्या. 'अमुक मॉडेलसाठी' एवढे शब्द. हीसुद्धा नाही चालली तर बोलायला जागा राहील.

मोंढा_जालना

हे आम्हालाही बरं. मी उद्यापासून लिहिणार. गिऱ्हाइकानं चुकीचं मॉडेल सांगितलं तर तेही कागदावर राहील.

गंगाखेड_नवी

पहिल्यांदाच लिहितेय. माझंही असंच आहे. प्रिंटरसाठी ऑनलाइन टोनर घेतला, कंपनीचा नाही, दुसऱ्याचा. पानावर माझ्या प्रिंटरचा नंबर होता. सील काढून बसवला तर प्रिंटर म्हणतो चिप ओळखली नाही. परतीत 'उघडलेला टोनर परत नाही' येतंय. काय करू?

काळा_कोट_लातूर

ताई, पानावर तुमच्या प्रिंटरचा नंबर अजून दिसतोय का?

गंगाखेड_नवी

हो, आत्ता बघितलं, आहे.

काळा_कोट_लातूर

मग इथं उत्तर वाचत बसू नका. आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वर तारीख-वेळ दिसेल असा, विक्रेत्याच्या नावासकट. मग प्रिंटरच्या पडद्यावरच्या सूचनेचा फोटो. त्यानंतर अक्कांनी केलं तसं तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. काम झालं की इथं कळवा.